गाडीच्या चावीचा सेल सारखा संपतोय? नवा घालण्याआधी चावी कुठे टांगता ते बघा

वर्षभरात आमच्या घरात गाडीच्या चावीचे चार सेल मेले. सेल साधाच, घड्याळवाल्याकडे मिळतो तो, बदलायला पाच मिनिटं. म्हणून पहिल्या दोन वेळा मी नुसती बदलत राहिले, का मेला हे विचारलंच नाही. बटण-स्टार्टची गाडी आहे, चावीचा सेल आधी दोन-तीन वर्षं चालायचा आणि आता महिन्यांवर आलाय, अशांसाठी हे लिहितेय. ज्यांचा पहिलाच सेल तीन-चार वर्षांनी गेलाय त्यांनी सेल बदलण्यापुरतं वाचावं आणि सुखाने आपल्या कामाला लागावं. त्यांच्या चावीला काही झालेलं नाही, तिचं वय झालं होतं.

आम्ही नेरुळला राहतो, सिडकोच्या रो-हाऊसमध्ये. हे पत्त्यासाठी सांगत नाहीये. घराची रचना या गोष्टीत पुढे येणार आहे.

पहिला सेल डिसेंबरात गेला. सीवूड्सच्या मॉलच्या बेसमेंटमध्ये, दोन्ही हातात पिशव्या, फोनला रेंज नाही. हँडलला हात लावला, काही नाही. बटण दाबलं, काही नाही. चावी अगदी काचेला टेकवून दाबली तेव्हा एकदा 'टुक' झालं आणि मी दार ओढेपर्यंत पुन्हा सगळं गप्प. खरं तर महिनाभर आधीपासून लक्षणं दिसत होती. पूर्वी गेटपासून दाबलं तरी गाडी उघडायची, मग बॉनेटपाशी यावं लागायला लागलं, मग दारापाशी. डॅशबोर्डवर चावीचं पिवळं चिन्हही दोनदा येऊन गेलं होतं. मी ते सर्व्हिसिंगचं समजून सोडून दिलं.

चावीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं, हे मला त्या दिवशी पार्किंगच्या वॉचमननी शिकवलं. बाजूची छोटी खिट्टी सरकवली की ते बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराला कुलपाचं भोक असतंच. काही गाड्यांत ते हँडलच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं असतं. पात्याने दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. चोर समजली मला. तेही बरोबरच, रिमोटने कुलूप लावलेलं असताना पात्याने उघडलं तर बऱ्याच गाड्यांत अलार्म वाजतो. घाबरू नका, इंजिन सुरू झालं की थांबतो. पण सेल मेलाय तर इंजिन सुरू कसं करायचं? वॉचमन म्हणाले, "मॅडम, चावी बटणाला टेकवा आणि तशीच धरून बटण दाबा." झाली सुरू.

ही जादू नाही. चावीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक रेडिओ, त्याला सेल लागतो. दुसरी इमोबिलायझरची चिप, म्हणजे जी ओळखल्याशिवाय गाडी इंजिन सुरू होऊ देत नाही ती, तिला सेल लागत नाही. स्टार्ट बटणाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते जवळ आलेल्या चिपला आपल्याच चुंबकीय क्षेत्रातून वीज पुरवतं आणि तिची ओळख वाचतं. काही गाड्यांत ही जागा बटणाशी नसून स्टीअरिंगच्या दांड्याजवळ, मधल्या कप्प्यात किंवा एखाद्या खाचेत असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आज बघून ठेवा. बेसमेंटमध्ये अडकल्यावर बघायचं नाही.

सेलच गेलाय का, हे आधी ठरवा

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने चावी हातात न घेताच सांगितलं की गाडीची मोठी बॅटरी गेलीय, नवी टाका. काही हजारांचा सल्ला होता. तो टळला कारण घरी दुसरी चावी होती. सगळ्यात पहिली आणि सगळ्यात स्वस्त तपासणी हीच: दुसरी चावी कपाटातून काढा. तिने गाडी लांबूनही नीट उघडली तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चाव्या गप्प असतील तर गाडीकडे बघा. आतला दिवा मंद आहे का, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो का, स्टार्ट करताना नुसतं टक-टक येतं का. असेल तर मोठी बॅटरी. फक्त एका ठराविक जागी चावी चालत नाही आणि दहा पावलं पुढे चालते, असं असेल तर बहुधा आसपासच्या रेडिओचा गोंगाट आहे. आपल्याकडच्या बहुतेक चाव्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि त्याच पट्ट्यात गेटचे रिमोट, वायरलेस बेल असं बरंच काही बडबडत असतं.

दोन घरगुती चाचण्यांबद्दल. टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून दिवा बघतात, तसं गाडीच्या चावीचं करून बघितलेलं मी पाहिलंय. त्यात काही दिसत नाही, दिसणारही नाही. टीव्हीचा रिमोट अदृश्य प्रकाश सोडतो, ही चावी रेडिओलहरी सोडते. दुसरी चाचणी ऐकायला वेड्यासारखी आहे पण खरी: चावी हनुवटीला टेकवून बटण दाबा. डोक्यातल्या पाण्यामुळे लहरींना थोडा हातभार लागतो आणि पल्ला काही पावलं वाढतो. हनुवटीला लावून चालते आणि हातात धरून चालत नाही, तर सेल उतरणीला लागलाय. बाजारात हे करताना लोक बघतात, एवढं सोसायचं.

व्होल्ट मोजायचं मीटर (मल्टिमीटर) असेल तर प्रश्न लवकर सुटतो, पण इथेच माझी फसगत झाली. सेल ३ व्होल्टचा म्हणतात. नवा असताना मीटरवर ३.२ ते ३.३ दिसतात. माझ्या मेलेल्या सेलवर २.९४ दिसले. म्हणजे चांगलाच की! मी तो परत चावीत घातला आणि चावी परत गप्प.

शेजारच्या काकांनी याचं कारण सांगितलं. त्यांची सगळी नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये झालीय आणि त्यांच्या घरात आजही देवघरापेक्षा सोल्डरिंगचं टेबल मोठं आहे. ते म्हणाले, "नुसता बसलेला माणूस धडधाकटच दिसतो गं. पोतं उचलायला सांग, मग कळेल." लिथियमच्या या सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. पण म्हातारपणी त्याचा आतला रोध वाढलेला असतो. चावी संदेश सोडते तेव्हा क्षणभरासाठी साधारण १० मिलीअँपिअर मागते आणि त्या क्षणी व्होल्टेज घसरतो. मीटर काहीच मागत नाही, म्हणून त्याला खोटा आकडा दिसतो.

काकांची युक्ती अशी: सेलच्या दोन टोकांना ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा छोटा सुटा भाग, लावायचा आणि दोन-तीन सेकंदांत मीटर बघायचं. त्यातून सहा-साडेसहा मिलीअँपिअर वाहतात. नवा सेल तरीही ३ व्होल्टच्या आसपास उभा राहतो. माझा २.९४चा सेल २.३वर येऊन बसला. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा असतो. तो नसेल तर ढोबळ हिशोब ठेवा: नुसत्या मीटरवर ३.० किंवा वर ठीक, त्याच्या खाली गेला की बदलायला काढा.

कोणता सेल, आणि तो घालायचा कसा

चावीच्या आत किंवा जुन्या सेलवरच नाव कोरलेलं असतं. सीआर२०३२, सीआर२०२५, सीआर१६३२, सीआर१६२० हे नेहमीचे. आकडे म्हणजे मापं: २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. २०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाड. दुकानदार कधी म्हणतो "तेच आहे, बसेल". २०३२च्या जागी २०२५ बसतो खरा, पण आत सैल राहतो आणि चावी खाली पडली की संपर्क तुटतो. उलट २०२५च्या जागी २०३२ कोंबला तर सेल धरणारी धातूची पत्री वाकते, आणि ती एकदा वाकली की पुढचा योग्य सेलही नीट धरत नाही. शिवाय क्षमतेत फरक आहेच. २०३२मध्ये साधारण २२० ते २३५ मिलीअँपिअर-तास असतात, २०२५मध्ये १६०च्या आसपास.

आणखी एक सापळा ऑनलाइन भेटतो, 'पुन्हा चार्ज होणारा २०३२'. त्याच्यावर एलआयआर२०३२ असं लिहिलेलं असतं. तो ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत जातो, आणि क्षमता ४० मिलीअँपिअर-तासांच्या घरात. जास्त दाब, कमी पाणी. चावीत घालू नका.

उघडण्याआधी टेबलावर पांढरं फडकं पसरा, उडालेला तुकडा त्यावर दिसतो. पातं काढलं की त्याच्या खाचेत किंवा कडेला एक बारीक फट दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते फटीत घालायचं आणि वर उचकटायचं नाही, फिरवायचं. 'कट' आवाज येतो आणि चावी शिंपल्यासारखी उघडते. नखाने उघडायला जाल तर नख तुटेल, सुरीने जाल तर बोट.

उघडल्यावर लगेच सेल काढू नका. फोनने फोटो काढा. अधिकची (+) बाजू वर होती की खाली, हे दोन मिनिटांनी आठवत नाही, आणि काही चाव्यांत ती खाली असते. सेल लाकडी टूथपिकने किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला. स्टीलचा चिमटा सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम लागला तर शॉर्ट होतो, स्क्रूड्रायव्हर सर्किटवर घसरला तर नवी चावी करावी लागते. बोटांचं तेलही नको. कडेने धरा, घालण्याआधी कोरड्या सुती कापडाने पुसा. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्यामुळे कधीकधी नवा कोरा सेलही संपर्क देत नाही. पुसून बघा, नाहीतर बिनलेपाचा आणा.

जुन्या, घडी होणाऱ्या चावीवाल्यांनी जास्त जपा. त्यांच्यातली इमोबिलायझर चिप कधी सर्किटवर नसते, प्लास्टिकच्या कप्प्यात वेगळी ठेवलेली असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी. चावी उघडताना ती घरंगळून सोफ्याखाली गेली तर गाडीची दारं रिमोटने उघडतील, पण गाडी सुरू होणार नाही. आणि मग सेलला नावं ठेवत बसाल.

सेल बदलल्यावर चावी पुन्हा जुळवावी लागते अशी भीती घालतात. बहुतेक गाड्यांत लागत नाही. ओळख अशा मेमरीत असते जी विजेशिवायही टिकते. काही जुन्या रिमोटांना चावी इग्निशनमध्ये 'ऑन' करून एकदा लॉकचं बटण दाबावं लागतं, बस.

आता खरा प्रश्न: सारखा का संपतो

डिसेंबरात मी जो सेल घातला तो स्टेशनबाहेरच्या टपरीवरून घेतलेला, पाचाची पट्टी स्वस्तात. तो अडीच महिन्यांत गेला. मी टपरीला दोष दिला आणि मार्चमध्ये नावाजलेल्या कंपनीचा, तारीख बघून, चांगला सेल आणला. (तारीख बघाच. हे सेल ठेवून दिले तरी वर्षाला साधारण एक टक्काच झिजतात, पण गोदामात किती वर्षं पडले होते आणि कुठल्या उन्हात, हे आपल्याला माहीत नसतं. टपरीचा उरलेला एक सेल काकांनी गंमत म्हणून सोनाराच्या काट्यावर टाकला. २०३२चं वजन ३ ग्रॅमच्या आसपास हवं. तो सव्वादोन भरला.)

चांगला सेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेला. चार महिनेही नाहीत. बाहेर धो-धो, बेलापूरला नऊची मीटिंग, आणि मी छत्री मानेत धरून पात्याने दार उघडतेय.

त्या रविवारी काकांनी आधी कागद पेन्सिल घेतलं, स्क्रूड्रायव्हर नाही. हा हिशोब तुम्हीही करा, कारण यानेच संशयित वेगळे होतात. सेलमध्ये २३० मिलीअँपिअर-तास. चार महिने म्हणजे साधारण २९०० तास. भागाकार आला ०.०८ मिलीअँपिअर, म्हणजे ८० मायक्रोअँपिअर, दिवसरात्र. झोपलेली चावी काही मोजके मायक्रोअँपिअर खाते. म्हणजे कोणीतरी तिला झोपू देत नव्हतं, किंवा कुठेतरी गळती होती. पर्समध्ये बटण दाबलेलं राहतं हा नेहमीचा संशयित इथे बसत नव्हता. बटण खरंच अडकून चावी सतत १० मिलीअँपिअर खात असती तर सेल एका दिवसात संपला असता, आणि बऱ्याच चाव्या काही सेकंदांनी स्वतःच बोलणं थांबवतात. तुमचा सेल दोन-तीन दिवसांत जात असेल तर मात्र बटणाचं रबर तपासा.

दुसरा संशयित ओल. खाडीकाठचा पावसाळा, खारी हवा. चावी उघडली तर एका पत्रीवर हिरवट डाग होताच. ३ व्होल्टला ८० मायक्रोअँपिअर गळायला जेमतेम ३७ हजार ओहमची वाट पुरते, आणि घामाचा किंवा खाऱ्या ओलीचा पातळ थर तेवढी वाट करून देऊ शकतो. काकांनी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सर्किट पुसलं, डागावर पेन्सिलचं खोडरबर फिरवलं. सँडपेपर वापरू नका, पत्रीवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट येतो. मग टूथपिकने पत्री जराशी वर उचलली, चावीच्या कडेचं रबरी रिंगण नीट खाचेत बसवलं. ते रिंगण मी मार्चमध्ये पिळवटून बसवलं होतं, ओल तिथूनच आली असणार.

मला वाटलं, सापडलं. काकांना वाटलं नाही. म्हणाले, "तुझ्याकडे दोन चाव्या आहेत ना? मग अंदाज कशाला." एकाच पाकिटातले दोन नवे सेल दोन्ही चाव्यांत घातले. दुसरी चावी कपाटात पडून असायची, जवळजवळ कधीच न वापरलेली, आतून लखलखीत, डाग नाही. तीच नेहमीच्या जागी टांगायची आणि कोणी हात लावायचा नाही. आणि माझी डागवाली, पुसलेली चावी मी रोज वापरायची, पण रात्री आतल्या खोलीत ठेवायची. दोष चावीत असेल तर माझी मरेल. जागेत असेल तर दुसरी.

दर महिन्याच्या एक तारखेला रेझिस्टर लावून मोजायचं ठरलं. मी दोनदा मोजलं आणि मग गणपती आले.

दिवाळी उलटल्यावर आठवण झाली. माझी चावी ठणठणीत. जिला कोणी बोटही लावलं नव्हतं ती हुकावरची चावी मेलेली.

आता घराची रचना. आमची गाडी आधी रस्त्यावर उभी असायची. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी कंपाउंडमध्ये लाद्या घातल्या, गेटला उतार केला, तेव्हापासून गाडी आत येते. इतकी आत की तिचं ड्रायव्हरचं दार व्हरांड्याच्या ग्रिलपासून हातभर. आणि ग्रिलच्या आतल्या भिंतीवर, छत्र्यांशेजारी, हूक. त्याआधी चावी माझ्या पर्समध्ये बेडरूममध्ये असायची. हूक ही सोय, सासऱ्यांना सकाळी गाडी मागेपुढे करावी लागते म्हणून. पहिला सेल साडेतीन वर्षं चालला तो पर्समध्ये. लाद्या झाल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत तो गेला आणि पुढचे महिन्यांत मोजायची वेळ आली. मी सेलची कंपनी बदलत राहिले, आणि बदललं होतं ते गाडीचं पार्किंग.

शेवटची खात्री सासऱ्यांनी दिली, तीही नकळत. ते रोज सकाळी गाडी पुसतात. जेवताना म्हणाले, "हल्ली पुसताना ती आपोआप उघडत नाही, बरं झालं. आधी हँडलवर फडकं फिरवलं की टुक-टुक चालायचं." बाबा वर्षभर हे ऐकत होते. त्यांना वाटलं नव्या गाड्या अशाच असतात.

घडत होतं ते असं. अशा गाड्या १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या कमी पल्ल्याच्या लहरीने विचारतात, "चावी आहेस का?" ऐकू आलं की चावी जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हाक एक-दोन मीटरपर्यंतच पोचते. काही गाड्या हँडलला हात लागल्यावरच हाक मारतात, त्यांच्या चावीला एवढा त्रास नाही. पण ज्यांच्यात आपण जवळ गेलो की दिवे लागतात किंवा आरसे उघडतात, त्या उभ्या असतानाही थोड्याथोड्या वेळाने हाका मारत राहतात. आमची त्यातली. हुकावरची चावी रात्रभर "आहे, आहे" करत होती. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की चावी न वापरताही सेल झिजतो कारण ती सतत लहरी ऐकत असते, आणि टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल, चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्यापासून ती मीटरभर लांब ठेवा. तिथे सेलचं सर्वसाधारण आयुष्यच एक ते दोन वर्षं दिलंय. म्हणजे ज्यांची चावी रात्री चार्जिंगच्या फोनशेजारी झोपते, त्यांनी हूक नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

चाचणी एका मिनिटाची आहे. चावी नेहमीच्या जागी राहू द्या. अंगावर दुसरी कुठलीही चावी न ठेवता गाडीपाशी जा, हँडलला हात लावा किंवा त्यावरचं बटण दाबा. उघडली तर चावी फार जवळ आहे, आणि सेलपेक्षा मोठी काळजी अशी की रस्त्यावरच्या कोणालाही ती तशीच उघडेल. आमचं गेट बंद असायचं म्हणून, नाहीतर आमची गाडी वर्षभर रात्री उघडीच होती म्हणायला हरकत नाही. नाही उघडली म्हणून मात्र सुटलात असं नाही. गाडीची हाक चावीला जागं करते तो पल्ला, आणि दार उघडू देते तो पल्ला, हे सारखेच असतील असं नाही. पाच-सहा मीटर लांब, मधे एखादी भिंत, हे माझं माप.

जागाच नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पण सगळे डबे उपयोगी नसतात, झाकण सैल असलं तर नाहीच. चावी डब्यात घालून डबा गाडीच्या दाराला टेकवा आणि हँडल दाबा. उघडली तर तो डबा पोह्यांना द्या. काही कंपन्यांच्या चावीत ऐकणं बंद करायची सोय असते, दोन बटणांच्या ठराविक जोडीने. ती मॅन्युअलच्या चावीच्या प्रकरणात मिळते. सासऱ्यांना ती जोडी लक्षात राहणार नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

जाता जाता दोन गोष्टी. चावी जीन्समधून वॉशिंग मशिनमध्ये गेली तर आधी सेल काढा, मग बाकीचं. सेल असतानाचं पाणी सर्किट खातं. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पीठ आत जातं. उघडी करून पंख्याखाली दोन दिवस ठेवा.

आणि मेलेले सेल. माझे तीन स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये सुटे पडले होते, आणि दिवाळीत नणंदेचा दोन वर्षांचा मुलगा तोच ड्रॉवर उघडून बसला होता. काही झालं नाही, पण मी नंतर वाचलं आणि हातपाय गार पडले. चावीसाठी मेलेल्या सेलमध्येही अन्ननलिका भाजण्याइतका जीव असतो, आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.

सध्याची स्थिती: जुलैतला सेल माझ्या डागवाल्या चावीत अजून आहे. काल मोजला, रेझिस्टर लावून २.९८. दुसऱ्या चावीत नवा घातला, आतून पट्टी चिकटवून त्यावर महिना लिहिला, आणि ती माळ्यावरच्या कपाटात परत गेली. सासऱ्यांना चावी आता आतल्या खोलीतून आणावी लागते. हूक त्यांनी काढू दिला नाही.